आरसा, मळ आणि आबांची पद्मिनी



आजचा श्लोक गीतेच्या तिसऱ्या अध्यायातला, ३८ वा. त्याच्या दोनच श्लोक आधी अर्जुन विचारतो, की माणसाला नको असतं, तरी कुणीतरी मागून ढकलल्यासारखं तो पाप का करून बसतो? भगवंत म्हणतात, काम आणि क्रोध, रजोगुणातून येणारे. आणि मग तीन चित्रं दाखवतात. धुरानं झाकलेला अग्नी, मळानं झाकलेला आरसा, वारेनं वेढलेला गर्भ. ज्ञानेश्वरीत माउली इथे चंदनाच्या मुळीला वेढून बसलेला साप आणतात. तोही डोळ्यांसमोर ठेवा.

हा आरसा मला अनेक वर्षं काचेचाच वाटायचा. फडकं मारलं की झालं! पण जुने आरसे धातूचे असत, घासून घासून चकाकी आणलेले. ते मळायचे म्हणजे नुसती धूळ बसायची नाही, धातूच काळवंडायचा. हे मला कळलं अंबाजोगाईला, आमच्या वाड्याच्या पडवीत, एका गाडीच्या बंपरपुढे उकिडवं बसून.

गाडी आबांची. प्रीमियर पद्मिनी, १९८४ ची, कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली. मुंबईत २०२३ च्या ऑक्टोबरअखेर या टॅक्सी रस्त्यावरून गेल्या तेव्हा तुम्हीही स्टेटसला फोटो टाकले असतील. आमची मात्र ताडपत्रीखाली उभी होती. आबा दर श्रावणात तिच्यातून परळीला वैजनाथाच्या दर्शनाला जायचे, आणि निघायच्या आधी जुन्या धोतराच्या फडक्यानं बंपर पुसायचे.

आबा गेले तेव्हा मी पुण्यात होतो. ऑफिसात रिलीज होती, "शनिवारी निघतो" म्हणालो. शनिवार उजाडलाच नाही. दहाव्याला मी मूर्खासारखं विचारलं, "गाडीचं काय करायचं?" अण्णा सगळ्यांसमोर म्हणाले, "तुला गाडी पाहिजे होती, आबा नव्हते पाहिजे." त्यानंतर आठ महिने आम्ही बोललो नाही. आईच्या फोनवरून काय ते.

दिवाळीला गेलो तो ठरवूनच, गाडी नवी करून दाखवायची. आता या "दाखवायची"कडे लक्ष द्या, सगळा श्लोक तिथं आहे.

बंपरवर तांबूस ठिपके होते. मी काय केलं? चारशे नंबरचा पॉलिश पेपर आणला आणि दातओठ खाऊन घासत सुटलो. अर्ध्या तासात एका कोपऱ्यावर पिवळसर झाक आली. मला वाटलं मळ राहिला, म्हणून अजून घासलं. ती मळाची नव्हती हो, निकेलची होती. क्रोमची झाक निळसर असते. बंपर म्हणजे लोखंडी पत्रा, त्यावर निकेलचा थर, आणि सगळ्यात वर क्रोम, एका मायक्रॉनपेक्षाही पातळ. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा, यावरून अंदाज करा. गंज क्रोमला चढतच नाही. बारीक छिद्रांतून खालचं लोखंड वर येतं. मी मळ सोडून आरसाच खरवडला होता.

गावातल्या एका म्हाताऱ्या मेकॅनिकमामांना बोलावलं. त्यांनी बोट फिरवलं आणि विचारलं, "राग कुणावर होता?" मी गप्प.

मग त्यांनी दाखवलं. आधी साबणाच्या पाण्यानं धुवायचं, कारण आमच्याकडची धूळ बारीक वाळूसारखी. तशीच पुसली तर ओरखडे उठतात. (कोरड्या हवेची कृपा एवढीच, की मुंबईच्या खाऱ्या हवेसारखा गंज इथं धावत नाही.) मग पोळ्या गुंडाळतो तो फॉइलचा कागद चुरगळून पाण्यात बुडवायचा आणि हलक्या हातानं फिरवायचा. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ, म्हणून चरे पडत नाहीत, गंज तेवढा निघतो. लगेच कोरडं करून वर मेण. बाजूच्या पट्टीला त्यांनी आधी चुंबक लावून पाहिलं. चिकटलं नाही, म्हणजे ॲल्युमिनियम. "हिला सोडा लावू नको, काळी पडेल." भांड्याला चालतं ते सगळ्याला चालत नाही.

आणि मी खरवडलेला कोपरा? "तो घासून येत नसतो. प्लेटिंगवाल्याकडं द्यावा लागंल. सगळं उतरवून पहिल्यापासून."

रात्री पोथी उघडली. काही टीकाकार त्या तीन चित्रांत आवरणाच्या तीन पायऱ्या बघतात. धूर वाऱ्याच्या झुळकीनं जातो. आरशाला मेहनत लागते. गर्भाला मात्र काळच लागतो, तिथं घाई म्हणजे घात. साधनेत आपण सरसकट पॉलिश पेपर घेतो असं मला वाटतं. एकवीस दिवसांचं चॅलेंज, पहाटे चारचा अलार्म, आणि मनात कुणालातरी दाखवून द्यायचंय. माझ्या हातात काम होता, मनगटात क्रोध होता आणि तोंडानं मी नाम घेत होतो! ठिपके अण्णांच्या बोलण्याचे नव्हते, खालून आले होते. मी शनिवार म्हणालो होतो, ते लोखंड माझंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बसलो, फॉइल घेऊन, हळूहळू. अण्णा ओट्यावर पेपर वाचत होते. त्यांच्याकडे न बघता, बंपरकडे बघतच म्हणालो, "अण्णा, मी गुरुवारीच निघायला पाहिजे होतं."

पेपरचं पान उलटलं नाही. बऱ्याच वेळानं ते उठून आत गेले. मला वाटलं, संपलं. बाहेर आले ते हातात आबांच्या धोतराचा तुकडा घेऊन. माझ्याशेजारी बसले, गुडघा दुखतो तरी.

"कोपरा खराब केलास," म्हणाले.

"हो."

"राहू दे तसाच."

प्लेटिंगला अजून दिलेला नाही. येत्या श्रावणात परळीला जायचंय, अण्णा चालवणार म्हणतात.

उद्या ३९ वा श्लोक.

राम कृष्ण हरी.