दुरुस्तीतले मौन

ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात भल्या पहाटे पातळ चाकांच्या, खाली वळलेल्या हँडलच्या सायकली दिसू लागल्या, त्याला आता बरीच वर्षे झाली. घोडबंदर रस्ता किंवा कल्याण-शीळ रस्ता ट्रकांनी भरण्याआधी या मंडळींना घरी परतायचे असते. वडीलधाऱ्यांच्या काळ्या सायकलीला एकच गिअर असे आणि तिची दुरुस्ती कोणत्याही नाक्यावर होई. या सायकलींची दुखणी वेगळी आहेत. त्यांतल्या एका लहानशा दुखण्याच्या निमित्ताने आम्हांला एक जुना नैतिक प्रश्न पुन्हा विचारावासा वाटतो. वाकलेली वस्तू सरळ करून दिली, तर ती वाकली होती हे सांगणे दुरुस्तीत मोडते की नाही?

आधी दुखणे समजून घेऊ. पेडलपाशी दोन दातेरी चकत्या असतात. एकीवरची चेन दुसरीवर ढकलणाऱ्या यंत्राला पुढचा डिरेलर म्हणतात. शब्द मूळचा फ्रेंच. अर्थ, रुळावरून उतरवणारा. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी गाडी ज्या ठाण्यात आली, तिथल्या माणसाला रुळावरून उतरणे म्हणजे अपघातच वाटणार. इथे मात्र चेनला मुद्दाम, पण शिस्तीत उतरवायचे असते. ही शिस्त राखतो हँगर, म्हणजे सीटखालच्या उभ्या नळीवर बसवलेला धातूचा छोटा तुकडा. डिरेलर त्यालाच बोल्टने जोडलेला असतो. डिरेलरची बाहेरची पट्टी मोठ्या चकतीला समांतर आणि तिच्या दात्यांच्या १ ते ३ मिलिमीटर वर असावी लागते. चेन अडकलेली असताना पेडलवर जोर दिला किंवा सायकल आपटली, की हँगर वाकू शकतो. मग पट्टी तिरपी होते आणि चेन घासू लागते.

अशा वेळी हात आधी स्क्रूकडे जातो. डिरेलरला दोन स्क्रू असतात. तो आत किती आणि बाहेर किती जाईल, एवढेच ते ठरवतात. तिरपेपणा त्यांच्या हातात नाही. एका गिअरवरचे घासणे थांबते आणि दुसऱ्यावर सुरू होते. म्हणून जाणता कारागीर आधी वरून पाहतो, पट्टी समांतर आहे का? बोल्ट सैल होऊन डिरेलर नुसताच फिरला असेल, तर तो जागेवर आणून घट्ट केला की काम झाले. पण हँगरच वाकलेला असेल, तर खरा प्रश्न तिथून सुरू होतो.

सगळे धातू सारखे माफ करीत नाहीत. पोलादी हँगर सावकाश वाकवून सरळ करता येतो. अ‍ॅल्युमिनियमचे तसे नाही. थंड धातू वाकवला की तो त्या जागी कठीण आणि ठिसूळ होतो. परत वाकवताना डोळ्यांना न दिसणारी चीर पडू शकते आणि पुढे रोजच्या हादऱ्यांनी ती वाढत जाते. मागच्या डिरेलरचा हँगर बऱ्याच सायकलींत मुद्दाम मऊ धातूचा आणि बदलता येण्याजोगा केलेला असतो, म्हणजे धक्का त्याने सोसावा आणि फ्रेम वाचावी. पुढचा हँगर पुष्कळदा रिव्हेटने ठोकलेला किंवा फ्रेमलाच जोडलेला असतो. रिव्हेटचा असेल तर बदलता येतो. नळी गोल असेल तर तिच्या जाडीप्रमाणे २८.६, ३१.८ किंवा ३४.९ मिलिमीटरचा पट्टा आवळून त्यावर दुसरा डिरेलर बसवता येतो. पण या सगळ्याला वेळ लागतो, पैसा लागतो. सरळ करायला दहा मिनिटे पुरतात.

या दहा मिनिटांत गिऱ्हाईक खूश होते. चेन घासत नाही, आवाज नाही. कारागीर काही बोलला नाही, तर तो खोटेही बोललेला नसतो. मग त्याचे काय चुकले?

१८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या १७व्या कलमात नेमका हाच पेच आहे. नुसते मौन म्हणजे फसवणूक नव्हे, असे कायदा म्हणतो. मात्र जिथे बोलणे हे कर्तव्यच आहे, तिथे ही सूट नाही. उदाहरण घोड्याचे आहे. घोडा सदोष आहे हे ठाऊक असून एकजण तो लिलावात विकतो आणि गप्प राहतो. ही फसवणूक नव्हे. पण घेणारी त्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर त्या नात्यामुळेच सांगणे त्याचे कर्तव्य ठरते. इस्लामी व्यवहारशास्त्र नात्यापाशी थांबत नाही. मालात छुपा ऐब निघाला, तर कोणत्याही गिऱ्हाइकाला सौदा मोडण्याचा हक्क ते देते; त्याला 'खियार-उल-ऐब' म्हणतात.

आमचा कल या दुसऱ्या बाजूला आहे. सायकल दुरुस्त करणारा आणि ती चालवणारा यांच्यात नाते असतेच, ते जिवाचे असते. पत्री पुलाच्या चढावर कोणी पेडलवर उभा राहून जोर देतो आणि हँगर तुटून चेन निसटते, तेव्हा मागून ट्रक येत असतो. त्या क्षणी तो कोणाचा मुलगा आहे, हे विचारण्यात अर्थ नसतो.

यावरचा आक्षेप आम्हांला हलका वाटत नाही. खरे सांगणाऱ्याचे गिऱ्हाईक शेजारच्या गप्प दुकानात जाते. शिवाय सायकल जुन्या बाजारात घेतलेली असेल, तर 'हँगर बदला' हे वाक्य विद्यार्थ्याला महिन्याच्या खर्चाएवढे पडू शकते. म्हणून महागडाच उपाय करा, असे आमचे म्हणणे नाही. सरळ करणेही दुरुस्तीच आहे. 'दुरुस्त' हा फारसी शब्द मराठीने केव्हाच आपलासा केला. त्याचे अर्थ दोन, बरोबर आणि धडधाकट. 'तंदुरुस्त' मध्ये तो दुसऱ्या अर्थाने आहे. सरळ केलेला हँगर बरोबर झालेला असतो, धडधाकट झालाच असे नाही. या दोहोंतले अंतर गिऱ्हाइकाला कळले पाहिजे. किती धोका पत्करायचा, हे मग त्याने ठरवावे. मौन त्याच्याकडून हा निर्णयच काढून घेते.

त्यासाठी लागते फार थोडे. बिलाच्या मागे दोन ओळी पुरतात: पुढचा हँगर वाकला होता, सरळ केला आहे, दर आठवड्याला चीर पडली का ते पाहा, पुन्हा वाकला तर बदला. आणि उद्या सायकल विकायला काढली, तर तो कागद नव्या मालकाच्या हाती द्यावा.