वादात जय की बंधूशी समेट?

आपले म्हणणे खरे असले म्हणजे समेट करण्याचे बंधन आपणांवर उरत नाही, असे पुष्कळांस वाटते. आम्हांसही वाटले आहे.

इसवी सन १५२९ मध्ये जर्मनीतील मारबुर्ग येथे लूथर व झ्विंग्ली हे धर्मसुधारक विचारविनिमयास बसले. पंधरा कलमांपैकी चौदांवर त्यांचे एकमत झाले. प्रभुभोजनात ख्रिस्ताचे शरीर कसे उपस्थित असते, हाच काय तो मोठा भेद राहिला. झ्विंग्लीने साश्रु नयनांनी बंधुत्वाचा हात पुढे केला. लूथराने तो स्वीकारिला नाही. १५३१ साली झ्विंग्ली रणांगणी पडला. त्या दोघांची पुन्हा भेट झाली नाही. युरोपातील त्यांच्या परंपरांच्या मंडळ्यांनी प्रभूच्या मेजाशी परस्परांस बंधू मानण्याचा करार केला, तो १९७३ साली!

सत्य सोडावे, असे आम्ही म्हणत नाही. लूथराने आपले मत खुशाल राखावे. हात मात्र नाकारू नये. शेताच्या बांधावरून किंवा मंडळीच्या हिशेबावरून ज्या बंधूशी आपले बोलणे तुटले आहे, त्याच्या घरी येत्या प्रभुभोजनापूर्वी जावे. वादाचा निकाल मागाहूनही लागेल. बंधू तोवर राहीलच, असे नाही.