तोच कूलर

नागपूरच्या माणसाला वसंत ऋतू कोकिळेवरून कळत नाही. होळीनंतर रस्त्याच्या कडेला वुडवूलचे ढीग दिसू लागले की समजायचं, वसंत येऊन गेलासुद्धा! मग येणाऱ्या रविवारी घरोघरचे कर्ते पुरुष जुनं बनियन चढवून गॅलरीत जातात, कूलरवरची चादर ओढतात, तिन्ही बाजूंच्या ताट्या काढतात आणि मागल्या वर्षीचं वुडवूल ओरबाडू लागतात. ते एव्हाना वुडवूल राहिलेलंच नसतं. बोअरच्या खाऱ्या पाण्यानं त्याचा पापड झालेला असतो.

शास्त्र साधं आहे. एक लिटर पाण्याची वाफ होताना ते सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता हवेतून ओढून घेतं. मुंबईच्या पाहुण्यांना हे पटत नाही. त्यांची हवा आधीच ओलीचिंब. तिला आणखी पाणी पाजून काय गार करणार? आमची हवा मात्र तहानलेली. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, रस्त्यावरची धूळ त्यांना येऊन मिळते आणि ताटीची भोकं बुजतात. मे २०१३ मध्ये इथं पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा दिवसांत बुजलेली ताटी म्हणजे घरात बसून उन्हात फिरणं.

तेव्हा वुडवूल दरवर्षी बदलावं, याबद्दल कोणाचं दुमत नाही. भानगड पुढं आहे. आमचा कूलर बाबांनी १९८३ साली घेतला. त्याचा पंप आजवर चारदा बदलला. मग पाती बदलली, मग लोखंडी स्टँड. तीन वर्षांपूर्वी मोटर जळली आणि त्याच आठवड्यात तळ गंजून टाकी गळू लागली. मिस्त्री म्हणाला, "साहेब, याले आता किती ठिगळं लावता? बॉडीच बदलून टाका ना जी." टाकली. तरी आमच्या घरात त्याचं नाव आजही 'बाबांचा कूलर' असंच आहे.

गेल्या वर्षी आम्हा दोघा भावांच्या वाटण्या झाल्या. धाकटा अकोल्याला असतो. जागा, भांडी, सोनं, कशावरून म्हणून शब्द वाढला नाही. शेवटी तो म्हणाला, "दादा, मला दुसरं काही नको. बाबांचा कूलर तेवढा दे."

मी म्हटलं, "अरे, त्यात बाबांचं आता काय राहिलंय? स्क्रूसुद्धा नवे आहेत."

"मग द्यायला तुला जड का जातंय?"

वकिलाकडे जाऊनही मिळालं नसतं असं हे कलम होतं. मला उत्तर सुचेना.

अशा वेळी माणूस थोरामोठ्यांकडे धाव घेतो. थीसियसच्या जहाजाच्या कुजलेल्या फळ्या अथेन्सवाले बदलत गेले, आणि ते जहाज तेच की दुसरं यावर तिथले विद्वान भांडत बसले, असं प्लुटार्कनं लिहून ठेवलंय. पुढं १६५५ साली हॉब्ज या इंग्रजानं त्यात काडी घातली. कोणी त्या काढलेल्या फळ्या जपून ठेवून पुन्हा जोडल्या तर खरं जहाज कोणतं? हॉब्जला बहुधा वाटण्या कराव्या लागल्या नसाव्यात.

आपल्याकडे मिलिंद राजाला भिक्षू नागसेनानं विचारलं होतं, की आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणत गेला. रथ हे नुसतं त्या जुळणीला दिलेलं नाव. त्याच ग्रंथात रात्रभर जळणाऱ्या दिव्याचाही दाखला आहे. पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत तीच नव्हे, आणि वेगळीही नव्हे. मला हे मनापासून पटतं. पण धाकट्याला तेच ऐकवल्यावर तो म्हणाला, "ठीक आहे. रात्रभर तुझ्याकडे जळली, आता माझ्याकडे जळू दे."

आई हे सारं पलंगावरून ऐकत होती. तिच्या दोन्ही डोळ्यांत शस्त्रक्रियेनं बसवलेली भिंगं आहेत, उजवा गुडघा धातूचा आहे आणि दात रात्री वाटीत असतात. ती म्हणाली, "तुमच्या बाबांनी कूलर माझ्यासाठी आणला होता. मी अजून तीच आहे, तेवढं ध्यानात ठेवा."

म्हणजे वाटणी कूलरची नव्हतीच. पुढचा उन्हाळा आईनं कोणाकडे काढायचा, हा सवाल होता, आणि तो कोणी उच्चारत नव्हतं. दोन महिने इथं आणि दोन तिथं, असा हिशोब पंप-पात्यांचा करता येतो. आईचा करायला आम्हा दोघांचीही जीभ रेटेना. ती यंदा नागपुरातच राहिली, एवढंच.

मे महिन्यात धाकटा आला आणि एक रात्र त्या कूलरपुढे झोपला. सकाळी चहा पिता पिता म्हणाला, "गार छान होतंय. पण आवाज तो नाही."

आवाज मोटरचा असतो. जुनी मोटर आणि गंजकी बॉडी मिस्त्रीनं भंगारात न घालता घरी नेली होती. तळाला पत्रा जोडून आतून डांबर फासलं आणि मोटरचं वाइंडिंग नवं भरून घेतलं. म्हणजे तिच्याही पोटातली तार बाबांच्या वेळची नाहीच म्हणा. आम्ही दोघं त्याच्या घरी गेलो. त्यानं बटण दाबलं. आधी एक ढेकर, मग घरघर, मग ती आमच्या शाळेच्या सुट्ट्यांतली लय. धाकटा बराच वेळ समोर उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "याचे किती घ्याल?"

"तो इकायचा नाही जी," मिस्त्री म्हणाला. "त्याच्यापुढं आमची माय झोपते." आणि थोडं थांबून, "वुडवूल तेवढं आणून द्या, साहेब. औंदा बदलायचं राहून गेलं."