हिंसेतला आनंद आणि प्रेक्षकाचे उत्तरदायित्व

हिंसेचे चित्रण करणारी कलाकृती हिंसेला जबाबदार ठरते काय, हा प्रश्न बहुधा परिणामांच्या अंगाने विचारला जातो. अ‍ॅलन क्लार्क यांचा ‘द फर्म’ हा दूरचित्रवाणी-चित्रपट त्याला वेगळे वळण देतो. तो बीबीसीवरून फेब्रुवारी १९८९ मध्ये प्रक्षेपित झाला. गॅरी ओल्डमन यांनी साकारलेला बेक्स बेकार नाही, दरिद्री नाही. तो घरांचा दलाल आहे, त्याला पत्नी आहे, तान्हे मूल आहे. आणि तो फुटबॉल-समर्थकांच्या एका हिंसक टोळीचा म्होरक्या आहे. दूरचित्रवाणीवर कोणी तज्ज्ञ अशा हिंसेची उपपत्ती सांगू लागतो, तेव्हा ही मंडळी त्याची टर उडवतात. मारण्यात मजा येते, एवढेच त्यांचे स्पष्टीकरण असते.

ही सामाजिक मीमांसेची हेटाळणी नव्हे. हिंसा केवळ वंचनेतून उपजते असे मानले की सुस्थितीतला प्रेक्षक आपोआप निर्दोष ठरतो. क्लार्क त्याला ही सवलत नाकारतात. बेक्सच्या चैतन्याने प्रेक्षक खेचला जातो, आणि घरात राहिलेल्या चाकूने त्या तान्ह्या मुलाचे तोंड कापते तेव्हा आपण कशात रमलो होतो, हे त्याला उमगते. संस्कृत काव्यशास्त्रातील साधारणीकरणात भाव ‘माझा’ आणि ‘परक्याचा’ या संबंधांतून मुक्त होतो. येथे मात्र तो ‘माझा’ म्हणून चिकटून राहतो. आस्वादच साक्षीपुरावा बनतो.

तथापि या भूमिकेवर एक गंभीर आक्षेप संभवतो. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानात चेंगराचेंगरी झाली. तिच्या बळींची संख्या अखेर ९७ झाली. १९८५ मध्ये ब्रुसेल्सच्या हेझेल मैदानात, लिव्हरपूलच्या समर्थकांनी केलेल्या हल्ल्यानंतर, ३९ जण मरण पावले होते. हिंसक समर्थकाची प्रतिमा तेव्हापासून इतकी घट्ट झाली होती की हिल्सबरोत मेलेल्यांवरच दोष ढकलणे पोलिसांना आणि काही वृत्तपत्रांना सोपे गेले. हे मृत्यू बेकायदेशीर मनुष्यवधाचे होते आणि समर्थकांचा त्यात दोष नव्हता, हा ज्यूरीचा निर्णय येण्यास २०१६ साल उजाडले. मग अशा प्रतिमेत भर घालणारी कलाकृती या अन्यायाची भागीदार नव्हे काय?

या आक्षेपाचे उत्तर प्रतिमेच्या घडणीत शोधावे लागते. अन्यायाला सोयीची असते ती ‘ते सगळे तसलेच’ असे सांगणारी प्रतिमा. ती माणसांचा जमाव करते आणि पाहणाऱ्याला त्यातून वगळते. ‘द फर्म’ नेमकी उलट वाट धरतो: तो जमावातून एक माणूस वेगळा काढतो, त्याच्या कृत्याची जबाबदारी त्याच्यावरच ठेवतो आणि पाहणाऱ्याला त्याच्या शेजारी उभे करतो. म्हणून हिंसेच्या चित्रणाची नैतिक कसोटी रक्त किती दाखवले ही नव्हे. ते पाहणाऱ्याला कोठे उभे करते, ही आहे. ज्या चित्रणातून प्रेक्षक स्वतःच्या निर्दोषत्वाची खात्री घेऊन बाहेर पडतो, ते कितीही संयत असले तरी संशयास्पद मानले पाहिजे.