हा फ्लॅश कोणी मारला?

लग्नाच्या हॉलमध्ये छायाचित्रकार स्टेजच्या दोन्ही बाजूंना स्टँडवर एकेक फ्लॅश लावतो. त्यांना कॅमेऱ्यापर्यंत जाणारी वायर नसते. प्रत्येकात प्रकाश टिपणारा सेन्सर असतो. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश चमकला की त्याचा उजेड सेन्सरवर पडतो आणि स्टँडवरचे दोघेही चमकतात. हा ऑप्टिकल स्लेव्ह. प्रकाशाला तीन मीटर जायला सुमारे १० नॅनोसेकंद लागतात आणि शटर साधारण १/२०० सेकंद उघडे असते, त्यामुळे तिन्ही फ्लॅशचा उजेड एकाच फोटोत येतो.

तेवढ्यात नवरीचे मामा स्वतःचा कॅमेरा काढून फ्लॅश मारतात. स्टँडवरचे दोन्ही फ्लॅश लगेच चमकतात. छायाचित्रकाराचे बोट तर बटणावर नव्हते! पुढच्याच क्षणी नवरा-नवरी हार घालतात, तेव्हा ते फ्लॅश अजून चार्ज होत असतात आणि फोटो अंधारा येतो. मग ते दोन फ्लॅश मारले कोणी?

भारतीय तत्त्वज्ञानातल्या न्यायदर्शनाने या प्रश्नाची तयारी शतकानुशतके केली आहे. कार्याच्या आधी नेमाने असते आणि ज्याच्यावाचून कार्य अडते, ते कारण, असे या दर्शनाचे अनुयायी, म्हणजे नैयायिक, म्हणतात. मडके घडण्याआधी कुंभाराचा बाप होता, माती वाहणारे गाढवही होते; पण मडक्याच्या दृष्टीने ते अन्यथासिद्ध, म्हणजे गैरलागू. चौदाव्या शतकात मिथिलेच्या गंगेशांपासून जो नव्यन्याय बहरला, त्याने प्रश्न आणखी धारदार केला. कुंभाराच्या दंडाने, म्हणजे काठीने, चाक फिरते खरे, पण दंडाच्या कोणत्या धर्मामुळे? तो दंड आहे म्हणून. तो काळा आहे किंवा अमक्याच्या मालकीचा आहे म्हणून नव्हे. ज्या धर्मामुळे एखादी वस्तू कारण ठरते, त्याला ते कारणतावच्छेदक म्हणतात.

ऑप्टिकल स्लेव्हला हे मोजमाप लावून पाहावे. खिडकीतून येणाऱ्या संथ उन्हाने तो चमकत नाही. मोबाइलच्या एलईडीनेही सहसा चमकत नाही, कारण त्या उजेडाला पुरेसा झटका नसतो. कोणाच्याही झेनॉन फ्लॅशने मात्र चमकतो. म्हणजे इथे कारणतावच्छेदक धर्म आहे उजेडाची अचानक आणि तीव्र वाढ. तो उजेड छायाचित्रकाराचा असणे हे दंडाच्या काळेपणासारखे गैरलागू.

टीटीएल (थ्रू द लेन्स) पद्धतीत हे आणखी लख्ख दिसते. प्रकाश मोजण्यासाठी कॅमेरा खऱ्या फ्लॅशआधी एक प्रीफ्लॅश सोडतो. साधा स्लेव्ह त्यालाच भुलतो आणि शटर उघडायच्या आधी चमकून मोकळा होतो. म्हणून अनेक फ्लॅशमध्ये एस१ आणि एस२ असे दोन मोड दिलेले असतात: एस१ पहिल्याच चमकेला चमकतो, एस२ पहिली सोडून दुसरीची वाट पाहतो. पण रेड-आय कमी करण्यासाठी कॅमेऱ्याने आणखी प्रीफ्लॅश सोडले, की एस२चाही हिशेब चुकतो. त्याला मोजता येते. कोणती चमक कशासाठी होती हे कळत नाही.

इथून प्रश्न कर्त्याकडे वळतो. न्यायमतात कर्ता म्हणवून घ्यायला तीन गोष्टी लागतात: ज्ञान, चिकीर्षा म्हणजे करण्याची इच्छा, आणि कृती म्हणजे प्रयत्न. मामांना स्टँडवरच्या फ्लॅशची कल्पनाही नव्हती. छायाचित्रकाराला त्या क्षणी ते नको होते. सेन्सरला तर इच्छाच नाही. कारणे सगळी हजर, कार्य झाले, आणि त्या विशिष्ट चमकेचा कर्ता कुठेच सापडत नाही.

दहाव्या शतकात नैयायिक उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत ईश्वरसिद्धीसाठी जे युक्तिवाद मांडले, त्यांतला एक असा: जग हे कार्य आहे, कार्याला कर्ता असतो, म्हणून जगाला कर्ता आहे. यावर जुना आक्षेप रानात आपोआप उगवणाऱ्या अंकुराचा. नैयायिकांचे उत्तर तयार होते: अंकुराला कर्ता आहे की नाही हाच तर वाद आहे, मग तो उलट उदाहरण कसा होईल? स्लेव्ह फ्लॅशवर हे उत्तर तितक्या सहज चालत नाही. हे माणसाने बनवलेले, माणसाने मांडलेले यंत्र. त्याची मांडणी कोणी केली हे सर्वांना ठाऊक आहे, आणि तरीही ही एक चमक मांडणाऱ्याच्या ज्ञानात किंवा इच्छेत नव्हती. या चमकेमागेही ईश्वराची इच्छा आहे असे म्हणता येईल, पण मग जे सिद्ध करायचे तेच गृहीत धरल्यासारखे होते. ईश्वर नाही, असे यातून ठरत नाही. प्रत्येक कार्यामागे ते जाणणारा आणि इच्छिणारा कोणी असतोच, हा नियम मात्र डळमळतो.

राहिला दोषाचा प्रश्न. मामा कारण आहेत, दोषी नाहीत. जो कोणत्याही झगझगीत उजेडाला होकार देतो असा सेन्सर भरल्या हॉलमध्ये उघडा ठेवला, त्या मांडणीची जबाबदारी छायाचित्रकाराची. बंद स्टुडिओत, जिथे दुसरा कॅमेरा नाही, तिथे ऑप्टिकल स्लेव्ह स्वस्त आणि भरवशाचा आहे. लग्नाच्या गर्दीत ठरावीक चॅनेलवरच ऐकणारा रेडिओ ट्रिगर लावावा, आणि पाहुण्यांवर चिडू नये.