दहा दिवसांची परीक्षा

शास्त्रपाठ : दानीएल १:८-१६



दानीएलाची ही गोष्ट आपण शब्बाथशाळेत बहुधा संयमाचा धडा म्हणून शिकवतो. ते योग्यच आहे. परंतु ह्या पाठात आणखीही एक गोष्ट आहे. राजाच्या पंक्तीचे अन्न घ्यावयाचे नाही असा निश्चय केल्यावर दानीएलाने नुसता हट्ट धरला नाही. अधिकाऱ्याला स्वतःच्या शिराची भीती आहे, हे त्याने जाणले व तोड सुचवली. दहा दिवस आम्हां चौघांना शाकान्न व पाणी द्यावे, मग आमची तोंडे इतर मुलांच्या तोंडांशी ताडून पाहावी आणि दिसेल तसे करावे. ज्याची परीक्षा व्हावयाची, तोच येथे परीक्षेची रीत सांगत आहे!

हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठाजवळ तारनाका येथे राष्ट्रीय पोषण संस्था आहे. कुन्नूर येथे १९१८ साली आरंभ झालेले हे कार्य १९५८ साली हैदराबादेस आले. १९८७ ते १९९० ह्या काळात ह्या संस्थेने हैदराबादजवळच्या २९ खेड्यांत एक पाहणी केली. १५ गावांत एकात्मिक बालविकास योजनेतून गरोदर स्त्रियांना व सहा वर्षांखालील बालकांना पूरक आहार मिळत होता. उरलेल्या १४ गावांत ती योजना अजून पोहोचावयाची होती. २००३ ते २००५ ह्या काळात दोन्हीकडील एक हजाराहून अधिक मुलामुलींना पुन्हा तपासले. पूरक आहाराच्या गावांतील मुले सरासरीने १४ मिलिमीटर उंच भरली. त्यांच्या रक्तवाहिन्या कमी ताठर होत्या आणि मधुमेहाकडे नेणारी लक्षणेही कमी होती. आईच्या ताटात पडलेल्या घासाचा गुण पंधरा वर्षांनी दिसला!

आता त्या १४ गावांचा विचार करा. त्यांना त्या वेळी आहार मिळाला नव्हता, तरी त्यांच्याही मुलांनी तपासणीसाठी हात पुढे केला. ती मुले नसती, तर तुलना कोणाशी केली असती? बाबेलातही ती इतर मुले नसती, तर दानीएलाच्या तोंडावरचे तेज ओळखता आले नसते. ज्यांना मिळाले नाही त्यांनीही दिले, म्हणून सर्वांना ज्ञान झाले. हे ऋण मोठे आहे. आभाराच्या दोन शब्दांनी ते फिटत नाही. जे कळले ते त्यांच्या दारी, त्यांच्या भाषेत परत गेले पाहिजे आणि त्यांच्या लेकरांच्या ताटातही दिसले पाहिजे.

रोग झाल्यावर औषध देणाऱ्याला रोगी ओळखतो. रोग होऊच नये म्हणून झटणाऱ्याला कोण ओळखणार? अशा कामाला दोघांचा विश्वास लागतो. विद्वानाजवळ मोजमाप आहे. परंतु मिळालेला खाऊ बाळाने खाल्ला की तो भावंडांत वाटला गेला, हे आईच जाणते. तिला विचारल्यावाचून केलेली मोजणी अपुरी, आणि तिने खरे सांगितले नाही तरीही अपुरीच.

शिक्षकबंधूंनो व भगिनींनो, हा पाठ शिकवताना मुलांना विचारा : दानीएलाने परीक्षेला भिऊन पाठ का फिरवली नाही? खरा विश्वास पारखून घ्यावयास भीत नाही. तुमच्या वस्तीत कोणी आरोग्याची पाहणी करावयास आले, तर दार लावून घेऊ नका. मुकाट्याने अंगठाही देऊ नका. कशासाठी, किती दिवस आणि निष्कर्ष आम्हांला केव्हा सांगणार, हे नम्रतेने विचारा. दानीएलही नम्रतेनेच बोलला होता.

प्रभू आपणांस असे धैर्य व अशी नम्रता देवो. आमेन.