तिची गोळी, त्याची गोळी



रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात आरोग्य शिबिर भरले, की एक दृश्य हमखास दिसते. रक्तदाब तपासण्याच्या टेबलाकडे बायका आपल्या नवऱ्यांना अक्षरशः ओढून आणतात. ''मला काय धाड भरली आहे?'' असे म्हणत नवरा एकदाचा बाही वर करून बसतो. त्याचे झाले की डॉक्टर म्हणतात, ''बाई, आता तुम्ही बसा.'' त्यावर तिचे उत्तर ठरलेले असते, ''माझे राहू द्या. घरी जाऊन जेवणाचे बघायचे आहे.''

आपण हसतो आणि घरी जातो. पण या दोन उत्तरांत एक नैतिक प्रश्न दडलेला आहे. स्वतःच्या शरीराची काळजी घेणे हा स्वार्थ आहे की कर्तव्य?

रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक राहू लागला, तर त्याला उच्च रक्तदाब म्हणतात. तो दुखत नाही, खुपत नाही, म्हणूनच घातक ठरतो. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ वर्षांवरील सुमारे २४ टक्के पुरुषांत आणि २१ टक्के स्त्रियांत तो आढळला. म्हणजे हा काही फक्त पुरुषांचा आजार नव्हे. तरुणपणी तो पुरुषांत अधिक दिसतो. स्त्रियांची पाळी गेल्यानंतर मात्र त्यांचा रक्तदाब झपाट्याने वाढू लागतो आणि उतारवयात त्या पुरुषांना गाठतात, कधी मागेही टाकतात. गरोदरपणात ज्यांचा रक्तदाब वाढला होता, त्यांना पुढील आयुष्यात हा धोका अधिक असतो. बाळंतपण सुखरूप झाले, की ती गोष्ट घरात सगळे विसरतात. तिचे शरीर विसरत नाही. औषधांचा त्रासही सारखा नसतो. काही गोळ्यांनी येणारा कोरडा खोकला आणि काहींनी येणारी पायांची सूज स्त्रियांत अधिक आढळते. मग ती कोणाला न सांगता गोळीच बंद करते.

शरीरांतला हा फरक देवाने घडवलेल्या निसर्गाचा आहे. पण शिबिराच्या टेबलापाशी दिसणारा फरक आपण घडवलेला आहे.

पवित्र शास्त्रात या दोघांचीही चित्रे सापडतात. नामान हा मोठा सेनापती, पण कुष्ठरोगी. यार्देन नदीत सात वेळा बुडी मार, असा अलीशा संदेष्ट्याचा निरोप आला तेव्हा तो संतापला. एवढा साधा उपाय त्याला आपल्या मानाला शोभेना. शेवटी चाकरांनी समजूत घातली म्हणून तो वाचला. रोज सकाळी एक छोटी गोळी घ्यायची आणि संध्याकाळचा पेला सोडायचा, एवढे साधे सांगणे आपल्यातल्या कित्येक पुरुषांच्या पचनी पडत नाही, ते याच कारणाने. त्या ताठ्याखाली भीतीही असते. आपण आजारी म्हटले तर घर कोणी चालवायचे? ती भीती बोलून दाखवायला आपण मुलग्यांना कधी शिकवलेच नाही.

दुसरी ती बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेली स्त्री. गर्दीतून मागून आली आणि गुपचूप प्रभूच्या वस्त्राला शिवली. याईर उघडपणे प्रभूच्या पाया पडला होता, तेही आपल्या लेकीसाठी. हिच्यासाठी बोलायला कोणी नव्हते. पण याईराची मुलगी मरणाच्या दारात असतानाही प्रभू वाटेत थांबला. त्याने त्या स्त्रीला सर्वांसमोर बोलते केले आणि कन्या म्हणून हाक मारली. तिचे दुखणे थांबून ऐकण्याजोगे आहे, हे त्याने त्या गर्दीला दाखवून दिले.

कोणी विचारील, ख्रिस्ताने तर स्वतःला विसरायला शिकवले ना? होय. पण जीव देणे आणि जीव वाया घालवणे यांत फरक आहे. प्रभूने आपले जीवन आपल्या तारणासाठी दिले. घरखर्च भागावा म्हणून महिनाअखेरीस आपल्या गोळ्या न आणणाऱ्या आईचे प्रेम खरेच आहे. परंतु उद्या तिला पक्षाघात झाला, तर त्या त्यागाचा भार तिच्या लेकीला नाहीतर सुनेला उचलावा लागेल. पाचव्या आज्ञेविषयी शिकवताना ख्रिस्तसभा जीवन आणि आरोग्य ही देवाची देणगी मानते व तिची योग्य काळजी घेणे हे कर्तव्य सांगते. संत पौलाने शरीराला पवित्र आत्म्याचे मंदिर म्हटले, ते स्त्री-पुरुष दोघांच्याही शरीराला.

म्हणून आज प्रत्येक नवऱ्याने स्वतःला एक प्रश्न विचारावा. माझ्या गोळ्या कुठे ठेवल्या आहेत, हे तिला ठाऊक असते. तिच्या गोळीचे नाव मला ठाऊक आहे का? आपल्यातले बहुतेक जण इथे मान खाली घालू. आणि प्रत्येक पत्नीने विचारावे, स्वतःचे दुखणे लपवून मी मुलींना काय शिकवते आहे?

पुढच्या शिबिराला दोघांनी शेजारी शेजारी बसावे. दोघांच्या गोळ्या एकाच दिवशी आणाव्यात. लोणचे, पापड, सुकी मासळी घरातल्या सर्वांच्याच ताटात कमी व्हावी. दिवसाला एका माणसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. एकट्या रुग्णासाठी वेगळे अळणी शिजवले, की तो घरात परका होतो.

लग्नाच्या वेदीसमोर आपण सुखात आणि दुःखात, आजारात आणि आरोग्यात साथ देण्याचे वचन दिले होते. आज रात्री रोझरीची प्रार्थना झाली, की एकमेकांना एवढेच विचारू या, ''गोळी घेतलीस का?''

ती देखील प्रार्थनाच आहे.